दादाची अर्धी कॅसेट

दादा,

घाई तुला कधीच जमली नाही. शाळेची घंटा व्हायची वेळ आली तरी तू आपल्या नौपाड्यातल्या जिन्यावर बसून बुटाची नाडी सारखी करत असायचास आणि मी खाली उभी राहून तुझ्या नावाने शंख करत असायचे. तुझ्या लग्नात अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, तरी माळ तुझ्या हातातच. शुभावहिनी मान पुढे करून उभी. भटजींनी दोनदा "घाला, घाला" म्हटल्यावर तू ती घातलीस. असा माणूस एका दुपारी जेवून उठतो, "जरा पडतो" म्हणतो आणि कुणाला न सांगता निघून जातो, यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. काल तुझा दहावा झाला. घाटावर तू पुन्हा एकदा घाई केलीस. ते शेवटी सांगते. त्याआधी मला बरंच बोलायचंय, आणि मधेच "नंदे, मुद्द्यावर ये" म्हणायला आता तू नाहीस.

भेटायला येणारे सगळे एकच बोलतात. अवी शांत होता. कधी चढा आवाज नाही, कधी पुढेपुढे करणं नाही. मी मान डोलावते आणि मनात हसते. शांत म्हणे. तू बेस गिटार अ‍ॅम्पला लावलीस की आईच्या मांडणीवरची स्टीलची भांडी आपसात भांडायला लागायची. एक ठरावीक सूर होता, त्याला फक्त साखरेचा डबा थरथरायचा, चहाचा नाही. आई आतून म्हणायची, "अवी, तेवढा तो सूर सोडून वाजव रे, डबा खाली येईल." आणि तू खरंच तो सूर वगळून वाजवायचास. तो वगळल्याचं कळू नये अशा बेताने आजूबाजूचे सूर लावायचास. दुसऱ्या कुणी आईशी वाद घातला असता. निदान डबा तरी हलवला असता.

आणि अण्णा आठवतात? कल्याणच्या एका वादकाने वाजवणं सोडलं, त्याची जुनी गिटार तू घरी आणलीस. अण्णा खोपटच्या डेपोत, वर्कशॉपमध्ये. बसचा प्रत्येक सुटा भाग मोजून घ्यायची त्यांना सवय. त्यांनी गिटार उलटीपालटी करून पाहिली, तारा मोजल्या आणि म्हणाले, "चारच? समोरच्या डॉक्टरांच्या मुलाकडे आहे तिला सहा आहेत. तुला फसवलं त्याने." हिला चारच असतात हे तू परोपरीने सांगितलंस. त्यांना ते पटेना. रविवारी गिटार काखेत मारून ते थेट कल्याणला गेले, उरलेल्या दोन तारा मागायला. त्या वादकाने त्यांना चहा पाजला, चार तारांवर थोडं वाजवून दाखवलं आणि परत पाठवलं. घरी येऊन अण्णा आईला म्हणाले, "माणूस सज्जन आहे. पण तारा काही दिल्या नाहीत."

पण गिटार नंतर आली. आधी आली ती कॅसेट. मी तेव्हा शाळेत होते, तू नुकता कॉलेजात गेला होतास. तुझ्या एका मित्राचा भाऊ बोटीवर होता. त्याने परदेशातून एक रेकॉर्ड आणली होती, रॉक वाजवणाऱ्या चौघांच्या एका जाहीर कार्यक्रमाची, समोर लोक बसलेले असताना जशीच्या तशी टिपलेली. मित्राने ती तुला एका रविवारपुरती दिली. आपल्याकडे कुठला रेकॉर्ड प्लेअर. तो समोरच्या डॉक्टरांकडे, नाट्यसंगीतासाठी घेतलेला. तू आपला टू-इन-वन रेडिओ-टेप उचलून त्यांच्या दिवाणखान्यात नेलास, दोन्ही यंत्रं जोडायची वायर स्वतःच्या हाताने सोल्डर केलीस आणि कोरी कॅसेट भरून घेतलीस; वायर लावली की आवाज आपल्या टू-इन-वनमधूनच यायचा. डॉक्टरांनी थोडा वेळ ऐकलं, "यांच्यातल्या कुणाला बरं नाहीये का?" असं विचारलं आणि ते वामकुक्षीला गेले.

त्या वायरीचा एक जोड कच्चा राहिला होता. हे आपल्याला कळायला पुढे कितीतरी वर्षं जायची होती. त्या रेकॉर्डवर डावीकडून बेस गिटार ऐकू येते आणि उजवीकडून सहा तारांची मोठी गिटार, म्हणजे लीड, जिच्यासाठी जग त्या चौघांना ओळखतं. गाणारा आणि ड्रम मधे. तुझ्या कच्च्या जोडामुळे उजवी बाजू कॅसेटवर आलीच नाही. मोठी गिटार शेजारच्या बिऱ्हाडात कुणीतरी वाजवत असावं इतकी लांबून यायची, आणि बेस मात्र आपल्या घरात, पलंगाच्या कडेला. हा बँड बेसवाल्याचा आहे असंच समजत आपण मोठे झालो. तो लांबून वाजवणारा कोण, असं मी एकदा विचारलं होतं. तू विचार करून सांगितलंस, "नवीन असेल. शिकतोय अजून."

मी त्या वेळी गाण्याच्या क्लासला जायचे. तानपुऱ्याखाली आणखी काही ऐकायचं असतं हे आमच्या बाईंनी कधी सांगितलं नव्हतं. तू मला शेजारी बसवून शिकवलंस. "गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नकोस. तो काय म्हणतोय ते आपल्याला तसंही कळत नाही. खाली बघ." ऐक नाही, बघ म्हणायचास. मग मला खरंच दिसायला लागलं. त्याचा आवाज जाड होता पण मऊ नव्हता. तारेवर बोट पडल्याची धातूची खणखण आधी यायची आणि तिच्या मागून सूर. बाकीचे बेसवाले एका जागी पाय रोवून उभे असतात, हे मी नंतर इतरांचं ऐकलं तेव्हा कळलं. हा चालत होता. गाणाऱ्याची ओळ संपली की वर चढून मोजके सूर टाकायचा आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत पुन्हा आपल्या जागेवर. ओळीच्या तोंडाशी तर तो वाजवायचाच नाही, तेवढी जागा मोकळी सोडायचा. "बघ, दार उघडून बाजूला झाला," तू म्हणायचास. "आता त्याने यायचं." आणि गाणारा यायचा.

एका ठिकाणी गाणं संपतं, गाणारा लोकांशी काहीतरी बोलतो आणि सगळं सभागृह हसतं. त्या हसण्याखाली अगदी हळू दोनदा तार छेडल्याचा आवाज आहे. दुसऱ्या वेळी सूर केसभर वर गेलेला. तो तार लावून घेतोय. लोकांचं लक्ष दुसरीकडे आहे तेवढ्यात त्याने आपलं काम उरकलं. तू मला ते इतक्या वेळा ऐकवलंस की तो गाणारा काय विनोद करतो ते मी आजपर्यंत नीट ऐकलेलं नाही. पुढे माझ्या क्लासमध्ये तबलजी हातोडीने ठोकून ठोकून तबला लावायला लागले की मला त्यांचा रागच यायचा. हे सगळं लोक हसत असताना करता येत नाही का, असं वाटायचं.

आणि मग ती जागा. कॅसेटवरच्या सगळ्यात मोठ्या गाण्याच्या मध्यावर सगळं हळूहळू उतरतं आणि बेस एक लहानसा फेरा धरतो. खालून वर, वरून खाली, परत जागेवर. असे चार फेरे झाले की गाणारा यायचा, हे सगळ्या गाण्यात तसंच आहे. या एका ठिकाणी तो येत नाही. बेस पाचव्यांदा फिरतो, तितकाच सावकाश, काही झालंच नाही अशा थाटात. मग गाणारा येतो. तुझं म्हणणं, गाणारा चुकला आणि हा त्याच्यासाठी थांबला. माझं म्हणणं, गाणंच तसं बांधलेलं आहे.

"बाकी सगळीकडे चार आहेत ना?"

"मग इथे पाच ठेवले असतील. आमच्या गाण्यातही अशा जागा असतात."

"तुमच्यातलं तुमच्यात ठेव. हा थांबलाय, नंदे. चुकलेल्याला कळू न देता थांबलाय."

"तू होतास तिथे?"

"थांबलेला माणूस कळतो."

मी उठून गॅलरीत जायचे आणि तू कॅसेट मागे घ्यायचास. कधी जेवताना, कधी तुझ्या सायकलच्या दांड्यावर बसून जाताना, कधी कुणाच्या मयताला जाऊन आल्यावर आंघोळीसाठी नंबर लावून बसलेलो असताना, हा वाद कुठेही निघायचा. माझ्या पाठवणीच्या वेळी आई रडत होती, मावशी रडत होती, मी तर भिजून चिंब. तू जवळ आलास, डोक्यावर हात ठेवलास आणि कानात म्हणालास, "पाचवा फेरा थांबण्याचाच आहे." मी हुंदका आवरून म्हटलं, "नाही." आणि डोंबिवलीला नांदायला गेले.

तोवर तू ऑर्केस्ट्रात लागून बरीच वर्षं झाली होती. आठवडाभर वागळे इस्टेटमधला कारखाना आणि सुट्टीच्या दिवशी कार्यक्रम. गणपती, पूजा, खाडीकाठच्या कोळीवाड्यांतल्या हळदी. उभा कायम मागे, ड्रमच्या शेजारी. आई आल्बम बघताना विचारायची, "यात अवी कुठाय?" तू वाकून बघायचास, गायिकेच्या पदरामागे बोट ठेवायचास आणि म्हणायचास, "हे कोपर माझं वाटतंय." आई त्या कोपराकडे कौतुकाने बघायची. मला मात्र ते झोंबायचं. मी तुला मोठी गिटारही वाजवताना ऐकलं होतं. चांगली वाजवायचास. पुढे उभा राहणारा वादक दुबईला गेला तेव्हा मालकाने तुलाच विचारलं, "अवी, लीड वाजव. पुढे उभा राहा." तू नको म्हणालास. मी कारण विचारलं तर म्हणे, "मग खाली कोण बघेल?"

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "हे काय सांगण्यासारखं कारण आहे? सरळ सांग ना, भीती वाटते." तू म्हणालास, "बरं." तुझ्या त्या "बरं"चा मला फार राग होता, अजून आहे. त्याचा अर्थ होय की नाही ते कधी कळायचं नाही. आणि माझ्या मनात एक प्रश्न तेव्हापासून ठाण मांडून बसला. तुला खरंच पुढे यायचं नव्हतं? की सगळ्यांना जागा करून देता देता तुझं स्वतःचं काही आतच राहून गेलं? हे तुला सरळ विचारायला हवं होतं. पण तुला विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं ते दोघांनाही माहीत आहे.

त्याच मोसमात एका हळदीला तुमच्या गायिकेचा घसा बसला आणि तू मला घेऊन गेलास. दोनच गाणी म्हणायची होती. मांडवात माणूस मावत नव्हता, हळदीने माखलेल्या बायका फेर धरून नाचत होत्या. माझी पाळी यायच्या आधीच गंमत झाली. तुझ्या अ‍ॅम्पचा फ्यूज उडाला. गाणं चालू, कीबोर्ड चालू, ढोलकी चालू, आणि नाच मात्र ढेपाळला. कुणाला काही कळेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरीची मावशी, अंगाने दणकट, केसात ही एवढी वेणी, ती स्टेजच्या कडेला येऊन थेट तुलाच म्हणाली, "ए मागच्या, काय बंद केलंस रं? पाय उठत नाय आमचं." तू फ्यूज घालेपर्यंत ती कमरेवर हात ठेवून तिथेच उभी. पहिला सूर निघाला तशी "हां" म्हणाली आणि परत फेरात शिरली. तुला एवढं खूश मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग मी गायले. पहिलं गाणं नीट झालं. दुसऱ्याचं पहिलं कडवं झालं, मधलं संगीत वाजलं, आणि मला पुढची ओळच आठवेना. समोर ती मावशी नाचता नाचता माझ्याकडे बघतेय. मागे वळून तुझ्याकडे बघायचीही माझी छाती होईना. तेवढ्यात पायांखालून तो फेरा ऐकू आला, पुन्हा पहिल्यापासून, सावकाश. कीबोर्डवाला पुढे निघून गेला होता तो मागे आला. ढोलकी आली. तुझा तो एक फेरा पुरा होईस्तोवर मला ओळ सापडली आणि मी गायला लागले. कुणाला काही कळलं नाही. वऱ्हाडाला वाटलं गाणं असंच आहे.

परत येताना आपण माजिवड्याला चहाला थांबलो. मी वाट बघत होते की तू आता म्हणशील, पटलं का? तू बिस्किट बुडवून खात राहिलास. शेवटी न राहवून मीच म्हटलं, "यावरून काही सिद्ध होत नाही."

"मी कुठे काय म्हटलं?" तू म्हणालास आणि उरलेला चहा बशीत ओतलास.

आता सीडीची गोष्ट. आमच्याकडे सीडी प्लेअर आला तो नव्वदीची निम्मी वर्षं सरल्यावर. ती रेकॉर्ड सीडीवर मिळते असं कळलं तेव्हा मी ह्यांना सांगून मुंबईहून मागवून घेतली आणि भाऊबीजेला तुला ओवाळून झाल्यावर तुझ्याच हातात ठेवली. भावाने द्यायचं असतं, बहिणीने नाही, असं सासूबाई म्हणाल्याही. तू लगेच ती लावायला सांगितलीस. पहिलं गाणं सुरू झालं आणि उजव्या स्पीकरमधून मोठी गिटार अंगावर आली. शोकेसच्या काचा वाजल्या. तू फराळाची ताटली हातात धरून तसाच बसून राहिलास.

शुभावहिनीने विचारलं, "ही वेगळी आहे का हो?"

तू बराच वेळ ऐकलंस. मग माझ्याकडे वळलास. "नंदे, तो लांबून वाजवणारा."

"हो."

"शिकाऊ नव्हता."

दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तुला ती वायर आठवली, डॉक्टरांचा दिवाणखाना आठवला, कुठला जोड कच्चा राहिला असेल तेही तू बोटांनी हवेत काढून दाखवलंस. मी हसण्याच्या भरात म्हटलं, "दादा, तुझं अख्खं आयुष्य एका कच्च्या जोडावर उभं आहे."

"मग चांगला टिकला की जोड," तू म्हणालास.

आणि उठलास, प्लेअरचं डाव्याउजव्या आवाजाचं, बॅलन्सचं बटण पार डावीकडे फिरवलंस. मोठी गिटार लांब गेली. बेस पलंगाच्या कडेला येऊन बसला. आमचं डोंबिवलीचं घर क्षणात नौपाड्याचं झालं. तू चकली उचललीस, "आता ऐक" म्हणालास. मी म्हटलं, हे अर्धंच झालं. तर म्हणालास, "मला एवढंच ऐकायचंय. सीडी तुझ्याकडेच ठेव, पूर्ण ऐक आणि मला सांग."

मी ऐकलं रे. दिवाळीची सुट्टी चालू होती. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी घेवडा निवडायला घेतला, बटण मधे आणलं आणि ते मोठं गाणं लावलं. ती जागा आली. चार फेरे झाले. उजवीकडची मोठी गिटार ठरल्याप्रमाणे पुढच्या भागात शिरली. गाणारा आला नाही. गिटार अडखळली, एक सूर अर्धाच टाकून गप्प झाली. माइकपासून लांब कुणीतरी हसल्याचं पुसट ऐकू आलं. आणि डावीकडे बेस पाचव्यांदा फिरला, सावकाश. गिटार हळूच त्याच्या मागे येऊन उभी राहिली. मग गाणारा आला.

वाद मिटला होता, दादा. गाणं तसं बांधलेलं नव्हतं. तो थांबला होता. तू एका बाजूवरून जे इतकी वर्षं सांगत होतास त्याचा पुरावा दुसऱ्या बाजूला होता, आणि ती बाजू तू आदल्याच दिवशी चकली खात खात बंद करून गेला होतास. मी घेवडा बाजूला ठेवला, फोन उचलला आणि तुझा नंबर फिरवला. तू "हॅलो" म्हणालास. मी विचारलं, "वहिनीने अनारशाचं पीठ ठेवलंय का थोडं?"

तू म्हणालास, "विचारून सांगतो," आणि खरंच विचारायला गेलास.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू "बरं" म्हणाला असतास आणि विषय संपला असता. मला तो संपवायचा नव्हता. भावाबहिणीत एखादा वाद हाताशी असावा लागतो. आईअण्णा गेले, नौपाड्याचं घर गेलं, आता तुझं घर वेगळं, माझं वेगळं. दर भेटीला तू दारात चपला काढता काढता "पाच की चार?" विचारायचास आणि मी "पाच, पण थांबण्याचा नाही" म्हणायचे, तेवढ्याने मी पुन्हा फ्रॉकमधली नंदी व्हायचे. मला तो वाद म्हातारपणापर्यंत पुरवायचा होता. तुझे दात पडल्यावर तुला सांगायचं असं मी ठरवून ठेवलं होतं.

आता घाटावरचं सांगते. सगळं दिलीपने केलं. आपल्या चुलतभावाला असं काही नीट जमेल असं मला वाटलं नव्हतं, पण त्याने मनापासून केलं. पिंड ठेवला गेला आणि आम्ही मागे सरकायला लागलो. पुढचं तुला माहीत आहे. कावळा शिवेपर्यंत वाट बघायची. नाही शिवला तर गेलेल्याच्या मनात काय राहून गेलंय ते ओळखून एकेकाने बोलायचं. अण्णांच्या वेळी कावळ्याने किती ताटकळत ठेवलं होतं. आईला सांभाळू म्हणून झालं, घराचं बघू म्हणून झालं, माझं लग्न करून देऊ म्हणून झालं. कावळा आपला भिंतीवर बसून मान वाकडी करतोय. शेवटी तू पुढे झालास, हात जोडलेस आणि म्हणालास, "अण्णा, त्या उरलेल्या दोन तारा मी आणीन." आणि तो उतरला. त्या दिवशी घाटावर हसू दाबताना माझ्या पोटात कळ आली होती.

म्हणून मी या वेळी तयारीने गेले होते. वहिनी तुमच्या लेकीच्या, केतकीच्या शिक्षणाचं बोलणार होती. दिलीप घराचं बोलणार होता. कशानेच नाही शिवला तर मी पुढे होणार होते आणि मोठ्याने म्हणणार होते, दादा, पाचवा फेरा थांबण्याचाच होता, तू बरोबर होतास. चारचौघांत म्हणायला मला लाज वाटली नसती. पण खरं सांगू? मी धास्तावले होते. मला वाटत होतं की तो माझा जुना प्रश्न आता कावळा होऊन भिंतीवर बसणार. तुला पुढे यायचं होतं आणि ते राहून गेलं, असं असलं तर आम्ही काय कबूल करणार होतो? ते आता कुणाच्या हातात होतं?

दिलीप अजून मागे सरकतच होता. हातसुद्धा जोडून झाले नव्हते. एक कावळा सरळ आला, शिवला, घास उचलला आणि खाडीच्या दिशेने निघून गेला.

गुरुजी स्वतःच जरा चकित झाले. "इतक्या लवकर फार क्वचित होतं," ते म्हणाले. "यांचं काही राहिलेलं नव्हतं." वहिनी इतका वेळ रडत होती, ती रडता रडताच हसली. म्हणाली, "ह्यांना कधी काही हवंच नसायचं हो, वन्सं. मी विचारून विचारून थकायची." मी तिचा हात धरला. माझंही रडू तिथेच फुटलं, पण त्यात धास्ती उरली नव्हती. ज्या उत्तरासाठी मी इतकी वर्षं तुझ्यावर डाफरत होते ते तू असं एका दमात देऊन टाकलंस. तुझं त्या मागच्या जागेवर भागलं होतं. पुरेपूर भागलं होतं. त्या "बरं"चा अर्थ बरं असाच होता.

फक्त माझं वाक्य तोंडातच राहिलं. चुकलेल्या गाणाऱ्यांसाठी थांबलास, साखरेच्या डब्यासाठी थांबलास, भर मांडवात माझ्यासाठी थांबलास. आणि काल माझ्या एका ओळीसाठी तुला थांबता आलं नाही.

आज वहिनीने तुझा टू-इन-वन माझ्या हवाली केला. कॅसेट आतच होती. डोंबिवलीला आणून ओट्याशेजारी लावला आहे. साखरेचा डबा आमचा प्लॅस्टिकचा आहे, तो काही थरथरत नाही. पण बेस तसाच आहे. तार लावून घेतो, ओळीच्या तोंडाशी बाजूला होतो, आणि मध्यावर आल्यावर चार फेरे घेऊन पाचवा सुरू करतो. या कॅसेटवर पुरावा नाही. फक्त तो आहे, सावकाश फिरणारा. मी आमटी ढवळता ढवळता ऐकत होते आणि मला छान वाटत होतं, हे तुला सांगायला हवं.

आणि ऐकता ऐकता मी ठरवलं. तू थांबला नाहीस ना, मग मीही ते म्हणणार नाही. इथे लिहून बसले आहे हे खरं, पण लिहिलेलं तू वाचणार नाहीस आणि तोंडाने मी अजून कबूल केलेलं नाही. तेव्हा माझ्या लेखी वाद चालू आहे. गाणं तसंच बांधलेलं आहे, दादा. पटत नसेल तर ये आणि भांड.